ऑक्सफर्डच्या महाकोशात ग्रीस, रोम आणि आपले तगर

प्राचीन ग्रीस आणि रोमचा इतिहास इंग्रजीतून वाचणाऱ्या मराठी वाचकाला व्याकरण फारसे अडवत नाही. अडवतात ते शब्द. प्लुटार्क, लिव्ही किंवा प्लिनी या प्राचीन ग्रीक-रोमन लेखकांचे जुने इंग्रजी अनुवाद उघडले की थोड्याथोड्या अंतराने असा एखादा शब्द येतो, जो घरातल्या मध्यम आकाराच्या कोशात नसतो, आणि असलाच तर तेथे त्याचा आजचा अर्थ दिलेला असतो, जो त्या वाक्यात मुळीच बसत नाही. अशा वाचनासाठी ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ या महाकोशाची ऑनलाइन आवृत्ती कितपत उपयोगी पडते, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे. रोजच्या इंग्रजीसाठी किंवा स्पर्धा परीक्षेसाठी तो घ्यावा का, याचा विचार येथे केलेला नाही, कारण त्या कामांना याहून सोपे आणि स्वस्त कोश पुरेसे आहेत. माझे मत आधीच सांगतो. प्राचीन जगाशी जोडलेल्या दुर्मीळ आणि वापरातून गेलेल्या इंग्रजी शब्दांसाठी याच्या तोडीचे दुसरे साधन मला माहीत नाही. मात्र इंग्रजी लिहिणाऱ्या लोकांनी गेली चार-पाच शतके ग्रीस-रोमकडे कसे पाहिले, याची सालवार नोंद म्हणून तो वाचला तरच त्याचे खरे मोल हाती लागते.

कोशाची घडण थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण त्याचे गुण आणि दोष दोन्ही तिच्यातूनच आले आहेत. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने १८५७ मध्ये या कामाचा विचार सुरू केला. (मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती मुंबईत निघाली तेही हेच वर्ष.) जेम्स मरे १८७९ मध्ये संपादक झाले, पहिला भाग १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि शेवटचा १९२८ मध्ये, मरे १९१५ मध्येच वारले होते. पुढे पुरवण्या निघाल्या, १९८९ मध्ये २० खंडांची आणि २१,७२८ पानांची दुसरी आवृत्ती आली, आणि २००० पासून कोश इंटरनेटवर असून तिसऱ्या आवृत्तीसाठी प्रत्येक नोंद नव्याने तपासण्याचे काम चालू आहे. शब्दाचे अर्थ आजच्या वापराच्या क्रमाने न देता ते भाषेत ज्या क्रमाने आले त्या क्रमाने द्यायचे, प्रत्येक अर्थाखाली सालासह अवतरणे द्यायची, आणि एकदा नोंदलेला शब्द पुन्हा कधीही काढून टाकायचा नाही, ही या कोशाची तत्त्वे आहेत. वापरातून गेलेल्या शब्दापुढे किंवा अर्थापुढे कट्यारीचे एक बारीक चिन्ह असते. आपल्या कामाला सर्वांत जास्त उपयोग याच चिन्हाचा होतो, कारण सतराव्या शतकातील लेखकाने वापरलेला अर्थ आज मेलेला आहे, हे ते पाहताक्षणी सांगते.

या कोशाची खरी ताकद एका शब्दावरून दाखवतो. अथेन्समधील ‘ऑस्ट्रॅसिझम’ बहुतेक वाचकांना ठाऊक असतो. दरवर्षी नागरिकांची सभा भरून कोणाला हद्दपार करायचे की नाही हे आधी ठरत असे. ठरल्यास मातीच्या भांड्याच्या तुकड्यावर नाव कोरून मत द्यायचे, किमान ६,००० तुकडे जमले तर सर्वाधिक मते पडलेल्या माणसाने दहा वर्षे शहर सोडायचे, त्याची मालमत्ता मात्र त्याचीच राहायची. आता याच नोंदीच्या आसपास फिरताना ‘पेटॅलिझम’ हा शब्द भेटतो, जो सर्वसाधारण कोशांत जवळपास कुठेच नसतो. सिसिलीतील सिराक्यूज या ग्रीक नगराने इसवी सनपूर्व पाचव्या शतकाच्या मध्यास हीच पद्धत उचलली. तेथे खापराऐवजी ऑलिव्हच्या पानावर नाव लिहीत आणि हद्दपारीची मुदत पाच वर्षांची असे. ग्रीक इतिहासकार डायोडोरस सांगतो की या कायद्याच्या भीतीने नगरातील जाणती आणि वजनदार माणसे सार्वजनिक कामातून अंग काढून घेऊ लागली, कारभार हलक्या हाती गेला, आणि थोड्याच काळात सिराक्यूजच्या लोकांनी तो कायदा स्वतःहून रद्द केला. एवढी मोठी राजकीय घटना एका शब्दात साठलेली आहे आणि तो शब्द जवळजवळ कोणी वापरत नाही. कोश तुम्हाला अर्थ सांगतो, तो शब्द इंग्रजीत कोणी, केव्हा आणि कोणत्या वाक्यात वापरला हे दाखवतो, आणि वापर किती विरळ आहे हेही सांगतो. आठ पायऱ्यांच्या वारंवारितेच्या मापात असे शब्द अगदी तळाशी असतात.

मात्र याच उदाहरणात कोशाची मर्यादाही स्पष्ट होते. अथेन्सच्या केरामेइकोस भागात ८,५०० हून अधिक खापरे सापडली आहेत. अॅक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरील एका विहिरीत थेमिस्टोक्लीझ या अथेन्सच्या पुढाऱ्याचे नाव असलेली सुमारे १९० खापरे मिळाली आणि ती मोजक्याच हातांनी लिहिलेली आहेत, म्हणजे कोणीतरी ती आधीच तयार करून वाटण्यासाठी ठेवली असावीत. हे सारे शब्दकोशात मिळणार नाही, आणि ते त्याचे कामही नाही. त्यासाठी शेजारी ‘ऑक्सफर्ड क्लासिकल डिक्शनरी’सारखा विषयकोश लागतो, जो १९४९ पासून निघत असून ज्याची चौथी आवृत्ती २०१२ ची आहे. दोन्ही नावांत ‘डिक्शनरी’ असल्याने पुष्कळांचा गोंधळ होतो, आणि पहिल्याकडून दुसऱ्याचे काम अपेक्षिले की निराशा ठरलेली असते.

निवडणुकीच्या निमित्ताने आणखी एका शब्दाचा उल्लेख केला पाहिजे. ‘सेफिझम’ म्हणजे अथेन्सच्या नागरिकांच्या सभेने मतदानाने केलेला ठराव. ग्रीकमध्ये ‘सेफॉस’ म्हणजे मत देण्यासाठी वापरायचा खडा. हा शब्द आज केवळ ग्रीक शिलालेखांच्या अभ्यासकांच्या लेखनात आढळतो, परंतु त्याच खड्यापासून १९५२ च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये घडवलेला ‘सेफॉलॉजी’ हा शब्द भारतातील प्रत्येक निवडणुकीच्या रात्री दूरचित्रवाणीवर ऐकू येतो. एक मरणपंथाला लागलेला आणि एक तरतरीत, अशी ही दोन भावंडे कोशात एकमेकांपासून काही नोंदींच्या अंतरावर आहेत. छापील खंडात ती सहज एकत्र दिसत; ऑनलाइन आवृत्तीत शोधलेला शब्दच तेवढा समोर येतो आणि शेजारचे शब्द पाहण्यासाठी मुद्दाम जावे लागते, ही मला जाणवणारी एक खरी उणीव आहे.

आता अशा शब्दांकडे वळू, जे आजही चलनात आहेत परंतु ज्यांचा प्राचीन अर्थ मेला आहे. वाचकाला सर्वांत जास्त फसवतात ते हेच, कारण अनोळखी शब्द निदान कोश उघडायला तरी लावतो, ओळखीचा शब्द तेवढीही संधी देत नाही. ‘सिकोफंट’ आज खुशामतखोर माणसासाठी वापरतात. अथेन्समध्ये तो दुसऱ्यांवर खटले भरून किंवा खटल्याची धमकी देऊन पैसे मिळवणारा खबऱ्या होता, आणि सोळाव्या शतकातील इंग्रजीतही तो चहाडखोर, निंदक याच अर्थाने आला. शब्दाची फोड अंजीर दाखवणारा अशी होते, म्हणून बेकायदा अंजीर निर्यात करणाऱ्यांची खबर देणारा, ही प्लुटार्कच्या काळापासून चालत आलेली व्युत्पत्ती सगळीकडे छापली जाते. ऑक्सफर्डचा कोश ती कथा नोंदवतो आणि तिला पुरावा नाही हेही स्पष्ट सांगतो. बोटांनी करायच्या एका अश्लील हावभावाशी शब्दाचा संबंध असावा, अशी शक्यता तो पुढे ठेवतो आणि तेथे थांबतो. गोड कथेला बळी न पडण्याचा हा संयम मला फार मोलाचा वाटतो. मराठीत लोकप्रिय व्युत्पत्त्या किती सहज पसरतात हे पाहिले की या संयमाची किंमत अधिकच कळते.

‘डेसिमेट’ची नोंद तर शांतपणे वाचण्यासारखी आहे. रोमन सैन्यात बंड किंवा पळपुटेपणा केलेल्या तुकडीतील दर दहांपैकी एकास चिठ्ठी टाकून निवडत आणि त्याच्याच साथीदारांकडून त्याला ठार मारवत. इसवी सनपूर्व ७१ मध्ये स्पार्टाकसने चालवलेल्या गुलामांच्या बंडाच्या वेळी क्रॅसस या रोमन सेनानीने ही जुनी शिक्षा पुन्हा काढली. इंग्रजीत याच शब्दाला दशांश कर घेणे असाही अर्थ होता, आणि १६५५ मध्ये इंग्लंडमधील क्रॉमवेलच्या राजवटीने राजपक्षाच्या लोकांवर बसवलेल्या दहा टक्के कराला ‘डेसिमेशन’ म्हणत. तो अर्थ आज मेलेला आहे. आज हा शब्द मोठ्या प्रमाणावर नाश करणे या अर्थाने वापरतात, आणि तो अर्थ चुकीचा आहे, दहांपैकी एक एवढाच खरा, असा आग्रह धरणारे लोक अनेक आहेत. कोश हा वाद सोडवायला बसत नाही. तो तीनही अर्थांखाली सालवार वाक्ये मांडतो, आणि ती वाचल्यावर वाद घालण्याची फारशी गरज राहत नाही.

दुर्मीळ शब्द मुळात इंग्रजीत आले कसे, हे या कोशाइतके नेमके कोठेही दिसत नाही. थॉमस नॉर्थने १५७९ मध्ये प्लुटार्क इंग्रजीत आणला. फिलेमन हॉलंडने १६०० मध्ये लिव्ही, १६०१ मध्ये प्लिनी, १६०३ मध्ये प्लुटार्कचे नीतिपर निबंध आणि १६०६ मध्ये स्युटोनियस असा अनुवादांचा धडाकाच लावला. ज्या वस्तूला, पदाला किंवा विधीला इंग्रजीत नाव नव्हते तेथे त्यांनी मूळ शब्दच थोडा वळवून घेतला, आणि हॉलंडने तर वाचकांसाठी अवघड शब्दांच्या स्पष्टीकरणाच्या याद्या पुस्तकांना जोडल्या. कोशातील ग्रीक-रोमन शब्दांखालची जुनी अवतरणे वाचत गेले की ही नावे पुन्हा पुन्हा भेटतात. दुसरीकडे त्याच शतकात अवघड शब्दांचेच कोश निघू लागले: कॉकरमचा १६२३ चा आणि ब्लाउंटचा १६५६ चा त्यांत प्रसिद्ध आहेत. या कोशकारांनी लॅटिन कोशांतून उचललेले कित्येक शब्द प्रत्यक्ष लेखनात कोणी वापरलेच नाहीत; एका कोशातून दुसऱ्यात त्यांची नक्कल होत राहिली. ऑक्सफर्डच्या जुन्या आवृत्तीत यासाठी एक सुंदर खूण होती. ‘दुर्मीळ’ या शेऱ्यापुढे वर बारीक उणे शून्य लिहिलेले असले तर त्या शब्दाचा वापर कोशांपलीकडे सापडलेला नाही असे समजायचे, आणि उणे एक असले तर वापराचे एकच उदाहरण मिळाले आहे. तपासून झालेल्या नोंदींत ही खूण जाऊन तीच गोष्ट शब्दांत सांगितलेली असते. नवी पद्धत वाचकाला सोपी आहे हे मान्य, तरी त्या दोन बारीक आकड्यांनी पानावर नजर टाकताच जे कळत असे, त्यासाठी आता वाक्य वाचावे लागते.

काही शब्द आपल्या अनुभवाला फार जवळचे निघतात. रोमन लोकांचा बाजार दर आठव्या दिवशी भरे, परंतु सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन्ही दिवस मोजण्याच्या त्यांच्या सवयीमुळे त्याला नवव्या दिवसाचा म्हणत. त्यावरून इंग्रजीत ‘नंडाइन’ हा शब्द आला आणि आज तो फक्त रोमन कालगणनेच्या चर्चेत उरला आहे. शेतकरी त्या दिवशी गावात येत, खरेदीविक्री होई, सार्वजनिक सूचनाही तेव्हाच कळत. आपल्या आठवड्यातही दिवस सात आणि नाव आठाचे आहे, आणि आठवडी बाजार हा शब्द आपल्याला कोणी समजावून सांगावा लागत नाही. त्यामुळे ही नोंद मराठी वाचकाला इंग्रज वाचकापेक्षाही लवकर उमजेल असे वाटते.

शब्दावरून अर्थाकडे जाणे ही कोशाची नेहमीची वाट झाली. उलट दिशेने जायचे, म्हणजे एखादी कल्पना घेऊन तिच्यासाठी कोणत्या शतकात कोणते शब्द होते हे पाहायचे, तर ‘हिस्टॉरिकल थिसॉरस’ हवा. ग्लासगो विद्यापीठात १९६५ मध्ये सुरू झालेले हे काम २००९ मध्ये दोन मोठ्या खंडांत प्रसिद्ध झाले, त्यात सुमारे ८ लाख अर्थांची वर्गवारी आहे, आणि आता ते ऑनलाइन कोशाला जोडलेले आहे. शकुनविद्येच्या वर्गात शिरून पाहावे. बळीच्या जनावराची आतडी पाहून भविष्य सांगणारा ‘हॅरुस्पेक्स’, त्या विद्येचे ‘एक्स्टिस्पिसी’ हे नाव, यकृत पाहण्यासाठीचा वेगळा शब्द, आणि कोंबड्याने टिपलेल्या दाण्यांपासून पाण्यात ओतलेल्या मेणापर्यंत प्रत्येक साधनाच्या नावाने घडवलेले शब्द सालांसह ओळीने समोर येतात. सोळाव्या-सतराव्या शतकातील पंडितांना या विद्यांविषयी केवढे कुतूहल होते, हे त्या यादीइतके कोणताही निबंध सांगणार नाही. येथेच आणखी एक उणीवही जाणवते. इटलीत पिआचेंझाजवळ १८७७ मध्ये मेंढीच्या यकृताची एक काशाची प्रतिकृती सापडली, जिच्यावर एट्रुस्कन या इटलीतील प्राचीन लोकांच्या देवतांची नावे घरे आखून कोरलेली आहेत. ती एकदा पाहिली की हॅरुस्पेक्स काय करीत असे ते कळते. ऑक्सफर्डच्या कोशात चित्रे नाहीत, पहिल्यापासून नव्हती. भांडी, जहाजे, शस्त्रे, वस्त्रे यांच्या नावांसाठी कोश वापरणाऱ्यास चित्राची सोय दुसरीकडे करावी लागते.

सर्वांत गंभीर दोष मात्र जुन्या नोंदींचा आहे. पहिल्या आवृत्तीतील व्याख्या व्हिक्टोरियन काळात किंवा त्याच्या लगेच नंतर लिहिलेल्या आहेत, ग्रीस-रोमच्या पुरातत्त्वाने त्यानंतर शंभर वर्षांत केवढी मजल मारली हे सांगायला नको, आणि तरीही अनेक नोंदी अजून पूर्ण तपासलेल्या नाहीत. तपासणीचे काम २००० मध्ये इंग्रजी वर्णमालेतील ‘एम’ या अक्षरापासून सुरू झाले आणि बराच काळ तेथून ‘आर’पर्यंत ओळीने पुढे जात राहिले, नंतर वर्णमालेत इतरत्र निवडक शब्द घेतले जाऊ लागले. त्यामुळे ‘ऑस्ट्रॅसिझम’, ‘पेटॅलिझम’, ‘सेफिझम’, ‘पॅरसॅंग’ (अंतराचे एक प्राचीन इराणी माप) हे शब्द सुदैवी ठरले, तर इतर अक्षरांतील कित्येक शब्दांची व्याख्या शतकापूर्वीची आहे. प्रत्येक नोंदीत ती प्रथम कधी प्रसिद्ध झाली आणि तिची फेरतपासणी झाली की नाही हे दिलेले असते. ही माहिती वाचल्याशिवाय व्याख्या वाचू नये, असे मी आग्रहाने सांगेन. प्राचीन संस्थांच्या बाबतीत त्या एका ओळीवर पुष्कळ काही अवलंबून असते.

या शब्दांविषयीचे गैरसमज दूर करण्यासाठी कोश किती उपयोगी आहे, याचे ‘व्हॉमिटरी’ हे उत्तम उदाहरण आहे. रोमन रंगमंडलात प्रेक्षक ज्या मार्गांनी आत-बाहेर लोटत त्या मार्गांचे हे नाव. श्रीमंत रोमन लोक मेजवानीच्या मध्येच उलटी करण्यासाठी वेगळी खोली ठेवत आणि तिला हे नाव होते, ही समजूत अर्वाचीन आहे. ती पर्यटकांच्या माहितीपत्रकांतूनही फिरते. अवतरणांचा क्रम पाहिला की कोणता अर्थ आधीचा आणि कोणता मागाहून चिकटलेला, हे ज्याचे त्याला दिसते.

महाराष्ट्रातील वाचकाने हा कोश हाती घ्यावा तो ‘पेरिप्लस’ वाचताना, असे मला मनापासून वाटते. ‘पेरिप्लस’ म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्याने केलेल्या जलप्रवासाचे वर्णन. इंग्रजीत हा शब्द दुर्मीळच, परंतु आपल्याला तो इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एरिथ्रियन समुद्राच्या, म्हणजे तांबडा समुद्र आणि त्यापुढील हिंदी महासागराच्या, ‘पेरिप्लस’मुळे परिचित आहे. त्या ग्रीक मजकुरात भरूच, पैठण, तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, सोपारा आणि कल्याण येतात. भरूचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगरहून जाडेभरडे कापड व तलम मलमल गाड्यांतून भरूचला जाते, असे तो अनाम लेखक सांगतो. कल्याण बंदरात आलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भरूचला नेत, ही राजकीय ओढाताणही त्यात आहे.

आता या ग्रंथाचा शॉफने १९१२ मध्ये केलेला इंग्रजी अनुवाद घेऊन भरूचच्या निर्यातीची यादी वाचा. ‘स्पाइकनार्ड’, ‘कॉस्टस’, ‘डेलियम’, ‘लिसियम’ असे शब्द एकापाठोपाठ येतात आणि इंग्रजी जाणणारा मराठी वाचक थबकतो. कोश उघडल्यावर कळते की हे शब्द परके वाटले तरी वस्तू घरच्या आहेत. ‘स्पाइकनार्ड’ ही जटामांसी, ‘कॉस्टस’ हे संस्कृत ग्रंथांतील कुष्ठ, ‘डेलियम’ हा गुग्गुळ, आणि ‘लिसियम’ म्हणजे दारुहळदीपासून काढलेले रसांजन असे मानतात. असाच आणखी एक शब्द ‘मराइन’: ही रोमन श्रीमंतांनी अफाट किमतीला विकत घेतलेल्या भांड्यांची सामग्री. ती नेमकी कोणत्या दगडाची यावर विद्वानांत मतभेद आहेत. आपल्या आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात आजही मिळणारी द्रव्ये इंग्रजीत ग्रीक-लॅटिन पोशाखात फिरत होती, आणि त्यांची इंग्रजी नावे आता केवळ जुन्या अनुवादांत उरली आहेत.

या सर्वांत ‘मॅलबॅथ्रम’ हा माझ्या मते राजा शब्द आहे. ‘पेरिप्लस’मध्ये ते केरळच्या किनाऱ्यावरून आणि गंगेच्या मुखाकडून निर्यात होते, रोममध्ये त्याचे सुगंधी तेल करीत आणि रोमन कवी होरेसच्या कवितेत ते केसांना लावलेले आढळते. युरोपातील वैद्यांच्या विषहारक मिश्रणांत ते शतकानुशतके पडत राहिले. हे म्हणजे आपले तमालपत्र. संस्कृत ‘तमालपत्र’ ग्रीकांच्या कानी पडले तेव्हा सुरुवातीचा ‘त’ त्यांना आपल्या अनेकवचनी नामापूर्वी येणाऱ्या ‘ता’सारखा वाटला, तो त्यांनी वेगळा काढला आणि उरलेल्या भागाचे ‘मॅलबॅथ्रॉन’ झाले. ही गोष्ट आपल्याकडच्या वाचकाला विशेष जवळची वाटावी, कारण ती ओळखणाऱ्यांत गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता होता. १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात त्याने सांगितले आहे की या पानाला हिंदुस्थानातील लोक तमालपत्र म्हणतात आणि ग्रीक-लॅटिन लोकांनी त्याच नावाचा अपभ्रंश केला.

येथेच माझी एक तक्रार आहे. व्युत्पत्तीच्या भागात ग्रीक शब्द ग्रीक लिपीत छापलेले असतात, संस्कृत शब्द मात्र रोमन लिपीत, वर-खाली चिन्हे देऊन. ज्याला ग्रीक लिपी येत नाही त्याला पहिले वाचता येत नाही, आणि देवनागरी येणाऱ्याला दुसरे ओळखताना अडखळायला होते. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवण्याच्या काळात यामागे कारण असेल. आजच्या पडद्यावर दोन्ही लिप्या शेजारी देणे अवघड नाही. तसेच, ग्रीक किंवा लॅटिन रूपापर्यंतचा प्रवास पायरीपायरीने सांगणाऱ्या नोंदी संस्कृतापाशी येऊन एका शब्दात संपतात. मधल्या प्राकृतांचा विचार फार थोड्या ठिकाणी दिसतो, आणि व्यापाऱ्यांनी ऐकलेली भाषा संस्कृतापेक्षा प्राकृत असण्याचाच संभव अधिक होता.

खर्चाविषयी. वैयक्तिक वार्षिक वर्गणी परकीय चलनात असते आणि रुपयांत ती हजारांच्या घरात जाते. वर्गणी संपली की हाती काही राहत नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना तेथील बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांच्या सदस्य क्रमांकावर कोश विनामूल्य पाहता येतो, याची अनेकांना कल्पना नसते. भारतात विद्यापीठाच्या किंवा संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात चौकशी करणे हा पहिला मार्ग. ज्याला केवळ जुन्या शब्दांतच रस आहे त्याने १९७१ ची दोन खंडांची संक्षिप्ताकार आवृत्ती जुन्या पुस्तकांच्या बाजारात शोधावी. तिच्यात पहिल्या आवृत्तीची चार पाने एका पानावर लहान करून छापली आहेत आणि सोबत भिंग असते. अक्षर अतिशय बारीक आहे, डोळ्यांना त्रास होतो, हे खरे. परंतु सतराव्या शतकात मेलेले शब्द १९२८ पर्यंतच्या त्या आवृत्तीत बहुतांश आलेलेच होते, शेजारच्या नोंदी नजरेखालून जातात, आणि उणे शून्याची ती खूणही तेथे आहे. नव्या शब्दांसाठी ही आवृत्ती कुचकामी आहे. आपल्या कामासाठी ती पैशाच्या मानाने फार मोठा ऐवज देते. २० खंडांची छापील दुसरी आवृत्ती सुमारे ६२ किलो वजनाची आहे आणि ती घराऐवजी ग्रंथालयातच शोभते.

‘मॅलबॅथ्रम’चा माग इंग्रजीतून लॅटिनमध्ये, तेथून ग्रीकमध्ये आणि शेवटी संस्कृतात लागतो. पुढचा प्रश्न साहजिक आहे: संस्कृतात ‘तमालपत्र’ प्रथम कोणत्या ग्रंथात आले, कोणत्या अर्थाने आले, आणि तो अर्थ केव्हा बदलला? हे सांगू शकेल असा कोश पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये ऐतिहासिक तत्त्वांवरच रचला जात आहे. १९४८ मध्ये सुरू झालेल्या या कामासाठी सुमारे १,५०० संस्कृत ग्रंथांतून काढलेली जवळपास १ कोटी टिपणपत्रे तेथील कपाटांत जपलेली आहेत, आणि ज्या दालनात ती आहेत त्याला मरेंच्या कार्यालयाप्रमाणेच ‘स्क्रिप्टोरियम’ म्हणतात. पहिला भाग १९७६ मध्ये निघाला; आतापर्यंत प्रसिद्ध झालेले सुमारे ३५ खंड ‘अ’पासून सुरू होणाऱ्या शब्दांचेच आहेत. ‘त’ अजून बराच दूर आहे.